कोपनहेगन आणि परिसरातली संग्रहालयं : आधी वार बघा, मग यादी करा

कोपनहेगनला चार-सहा दिवसांसाठी येणारे लोक आधी संग्रहालयांची यादी करतात आणि मग ती यादी दिवसांमध्ये बसवायची खटपट करतात. इथे हे जमत नाही. कोणतं संग्रहालय कोणत्या वारी बंद आणि कोणत्या वारी रात्रीपर्यंत उघडं, यावरच सगळा बेत उभा राहतो. म्हणून कॅलेंडर आधी उघडा. हा लेख कोपनहेगन शहर, उत्तरेचा हुम्लेबेक-हेलसिंगोर किनारा आणि पश्चिमेचं रोस्किल्ड एवढ्यापुरता आहे. हे सगळं लोकल गाडीच्या टप्प्यात येतं, त्यामुळे मुक्काम शहरातच ठेवावा.

वारांचं गणित

सोमवार हा सुट्टीचा वार. मुंबईच्या एनजीएमएला (राष्ट्रीय आधुनिक कला दालनाला) जाणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, पण इथे अख्ख्या शहराची कलादालनं एकदम बंद असतात : राष्ट्रीय कलासंग्रहालय (सगळे त्याला एसएमके म्हणतात), ग्लिप्टोटेक, हिर्शस्प्रुंग, डेव्हिड संग्रह, थोरवाल्सन संग्रहालय आणि हुम्लेबेकचं आधुनिक कलेचं लुइझियाना. शनिवार-रविवार आणि सोमवार असा बेत आखणाऱ्याचा तिसरा दिवस फुकट जातो, तो यामुळेच. सोमवार रोस्किल्डच्या व्हायकिंग जहाज संग्रहालयाला द्या, ते सोमवारीही उघडं असतं. राष्ट्रीय संग्रहालय उन्हाळ्यात सोमवारीही उघडतं, हिवाळ्यात नाही.

आता दुसरी बाजू. काही ठिकाणं ठरावीक वारी उशिरापर्यंत चालू असतात आणि तीच वेळ सोन्यासारखी. बुधवारी एसएमके रात्री आठपर्यंत आणि डेव्हिड संग्रह नऊपर्यंत. गुरुवारी ग्लिप्टोटेक नऊपर्यंत. लुइझियाना तर मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत उघडं असतं, शनिवार-रविवारी मात्र सहालाच बंद. संध्याकाळी पाचनंतर सहलीचे गट आणि शाळेची मुलं निघून गेलेली असतात, दालनं मोकळी होतात. शनिवारी दुपारी लुइझियानाला जाऊन तिकिटाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी गेलेलं केव्हाही बरं.

वेळा अधूनमधून बदलतात. निघायच्या आदल्या रात्री त्या-त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तारीख टाकून खात्री करा. २४, २५ आणि ३१ डिसेंबर, तसंच १ जानेवारी या दिवशी बहुतेक ठिकाणी कुलूप असतं.

आणखी एक खास डॅनिश गोष्ट : इथे सुट्ट्या आठवड्याच्या क्रमांकाने मोजतात. ‘आठवडा ४२’ म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याची शाळांची सुट्टी, ‘आठवडा ७’ म्हणजे फेब्रुवारीतली. या दिवसांत व्हायकिंग जहाजं आणि राष्ट्रीय संग्रहालय मुलांनी गजबजलेलं असतं. सोबत लहान मूल असेल तर हीच वेळ उत्तम, कारण मुलांचे कार्यक्रम तेव्हाच भरपूर असतात. शांतता हवी असेल तर टाळा. आठवडा ४२ च्या आधीच्या शुक्रवारी कोपनहेगनमध्ये ‘कुलतुरनॅत’, म्हणजे सांस्कृतिक रात्र असते. एका पासवर संग्रहालयांसह एरवी बंद असणाऱ्या सरकारी इमारतीही रात्री बघता येतात.

तिकीट की कार्ड

मोठ्या संग्रहालयाचं एका प्रौढाचं तिकीट साधारण सव्वाशे ते दीडशे क्रोन, कधी त्याहून थोडं जास्त. डेन्मार्कमध्ये युरो नाही, डॅनिश क्रोन चालतो, आणि नोटा जवळजवळ लागतच नाहीत. पिन टाकून चालणारं कार्ड असलं की झालं. परदेशी व्यवहारांसाठी कार्ड चालू करून घेणं मात्र भारतातूनच उरका.

१८ वर्षांखालील मुलांना राष्ट्रीय संग्रहालय, एसएमके, ग्लिप्टोटेक, लुइझियाना आणि व्हायकिंग जहाज संग्रहालय या सगळ्या ठिकाणी प्रवेश मोफत आहे. तेव्हा मुलांसाठी पर्यटक कार्ड घेण्याआधी दोनदा विचार करा. विद्यार्थ्यांना अनेक ठिकाणी सवलत मिळते, पण ओळखपत्रावर मुदतीची तारीख असावी लागते. डेव्हिड संग्रह सगळ्यांनाच फुकट.

‘कोपनहेगन कार्ड’ ॲपवर मिळतं, २४ तासांपासून १२० तासांपर्यंत. त्यातल्या मोठ्या प्रकारात राजधानी परिसराचा लोकल, मेट्रो आणि बसचा प्रवासही येतो. त्यामुळे विमानतळ, हुम्लेबेक, हेलसिंगोर आणि रोस्किल्ड सगळं त्यात भागतं. दुसऱ्या प्रकारात प्रवास येत नाही, फक्त पर्यटक बस येते. घाईत नेमका हा प्रकार घेतला जातो. कार्डाचे तास ते सुरू केल्यापासून सलग धावतात, म्हणून रात्री विमानतळावर उतरल्या-उतरल्या ते सुरू करू नका. पहिल्या प्रवासाचं साधं तिकीट काढा आणि कार्ड दुसऱ्या दिवशी सकाळी चालू करा.

कार्ड परवडतं का? दिवसाला तीन ठिकाणं आणि एखादा लांबचा प्रवास असेल तर परवडतं. पण दिवसाला तीन संग्रहालयं बघणाऱ्याला तिसऱ्यात काय पाहिलं ते संध्याकाळी आठवत नाही. एक मोठं, एक छोटं आणि मध्ये निवांत जेवण, हा वेग योग्य. या वेगाने जाणाऱ्याला सुटी तिकिटंच बहुधा स्वस्त पडतात. पाच दिवसांतला एकच दिवस भरगच्च असेल तर त्या दिवसापुरतं २४ तासांचं कार्ड घ्यावं.

प्रवास : झोन आणि दार नसलेली स्टेशनं

मेट्रो असो वा लोकल, स्टेशनवर तिकीट तपासणारं फाटक नसतं. सरळ चालत जाऊन गाडीत बसता येतं, आणि नवखा माणूस तसाच बसतो. तपासनीस गाडीत येतो, दंड जबर असतो, ‘माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही. तिकीट गाडीत चढण्याआधीच काढलेलं हवं.

दुसरी नेहमीची गफलत झोनची, म्हणजे भाड्यासाठी पाडलेल्या विभागांची. शहरासाठीचा छोटा ‘सिटी पास’ झोन १ ते ४ मध्ये चालतो. त्यात विमानतळ येतो, पण हुम्लेबेक, हेलसिंगोर आणि रोस्किल्ड येत नाहीत. तिकडे जायच्या दिवशी सर्व झोनचा मोठा पास घ्या किंवा त्या प्रवासाचं सुटं तिकीट काढा. तेच तिकीट लोकल, मेट्रो आणि बस तिन्हींत चालतं. वैध तिकीट असलेल्या एका प्रौढासोबत १२ वर्षांखालील दोन मुलं मोफत प्रवास करतात.

मार्ग बघायला ‘रायसेप्लॅनन’ हे ॲप वापरा. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, गाडीऐवजी बस सोडतात आणि अर्ध्या तासाच्या प्रवासाला सव्वा तास लागतो. ते या ॲपवर आधी कळतं.

आत शिरताना

पाठीवरची सॅक दालनात नेऊ देत नाहीत, अगदी छोटी असली तरी. मागे वळताना ती चित्राला किंवा शिल्पाला लागते, एवढंच कारण. दाराजवळ लॉकर असतात आणि ते मोफत असतात. काही ठिकाणी आकडी कोड टाकायचा, काही ठिकाणी नाणं घालायचं आणि ते नंतर परत मिळतं. त्यासाठी १० आणि २० क्रोनचं एकेक नाणं खिशात ठेवा. रोख पैसे इथे लागलेच तर एवढ्यासाठी. विमानाची मोठी बॅग या लॉकरमध्ये मावत नाही, ती मुख्य स्टेशनच्या सामानघरात ठेवून या. हिवाळ्यात जाड कोटही टांगून टाका. आत उबदार असतं, आणि कोट हातात धरून दोन तास फिरणं जिवावर येतं.

फोटो बहुतेक ठिकाणी चालतात. फ्लॅश, तिकाटणं आणि सेल्फीची काठी चालत नाही. पाहुण्या प्रदर्शनात उसनी आणलेली चित्रं असतात, तिथे कॅमेऱ्यावर काट मारलेली खूण दिसली तर फोन खाली. रेखाटनं करायची तर पेन्सिलने, शाईचं पेन नको. बाबागाडी चालते. माहितीफलक डॅनिशसोबत इंग्रजीतही असतात, भाषेची अडचण येत नाही.

बंद होण्याच्या वेळेचा अर्थ नीट लक्षात घ्या. पाच म्हणजे पाचला दार बंद. दालनं त्याआधी दहा-पंधरा मिनिटं रिकामी करायला लागतात. साडेचारला पोचलात तर तिकिटाचे पैसे पाण्यात.

राष्ट्रीय संग्रहालय : तळमजल्यापासून सुरुवात

मुख्य स्टेशनपासून पायी दहा-बारा मिनिटं. इमारत अवाढव्य आहे, सगळं बघायचा हट्ट सोडा. वेळ दोनच तास असेल तर तळमजल्यावरचा प्रागैतिहासिक डेन्मार्क हा भाग बघा आणि बाहेर पडा.

तिथला सूर्यरथ १९०२ मध्ये ट्रुंडहोमच्या दलदलीत नांगरताना सापडला, वय सुमारे ३,४०० वर्षं. ब्राँझचा घोडा, मागे सूर्याची चकती, आणि सगळं चाकांवर. रथ अपेक्षेपेक्षा लहान निघतो, लांबी अर्ध्या मीटरच्या जरा वर. बहुतेक लोक समोरून फोटो काढून पुढे जातात. काचपेटीला वळसा घाला. चकतीला सोन्याचा पत्रा एकाच बाजूला आहे, दुसरी बाजू काळसर ब्राँझची. एक बाजू दिवसाची, दुसरी रात्रीची, असा अर्थ अभ्यासक लावतात. पुढे एग्टवेडची मुलगी आहे : ओकच्या खोडाच्या शवपेटीत पुरलेली, दोऱ्यांचा आखूड घागरा नेसलेली. झाडाच्या वाढीच्या वलयांवरून ते ओक इसवीसनपूर्व १३७० मध्ये तोडलं असं ठरवता आलं. शवपेटीत फूल सापडलं, म्हणून पुरणं उन्हाळ्यातलं, हेही कळलं. १८९१ मध्ये सापडलेलं गुंडेस्ट्रुपचं चांदीचं पात्रही इथेच आहे. त्यावरचे हत्ती चुकवू नका.

डेन्मार्कचा भारताशी संबंध होता हे अनेकांना माहीत नसतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं तरंगमबाडी (ट्रांकेबार) १६२० पासून १८४५ पर्यंत डॅनिशांच्या ताब्यात होतं. त्या काळाबद्दल उत्सुकता असेल तर या संग्रहालयात काय मांडलेलं आहे ते माहिती-खिडकीवर विचारा.

बुधवारचा पट्टा : डेव्हिड, एसएमके, हिर्शस्प्रुंग

तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर. नोरपोर्ट स्टेशनला उतरा. क्रम असा ठेवा : दुपारी हिर्शस्प्रुंग, मग एसएमके आणि शेवटी डेव्हिड. डेव्हिड सर्वात उशिरा बंद होतं, हे त्यामागचं साधं कारण.

हिर्शस्प्रुंग हा तंबाखूच्या कारखानदाराचा संग्रह, १९११ पासून लोकांसाठी खुला. खोल्या घरासारख्या छोट्या, चित्रं डोळ्यांच्या उंचीवर. उत्तर टोकाच्या स्कागेन गावातल्या चित्रकारांसाठी, विशेषतः क्रोयरच्या निळ्या संध्याकाळींसाठी, इथे यावं. तासाभरात होतं.

एसएमके मोठं. १८९६ ची जुनी इमारत आणि १९९८ ची नवी, दोन्हींच्या मध्ये काचेच्या छताची उंच गल्ली. नवखा माणूस इथे दिशा हरवतो, म्हणून दारातच नकाशा घ्या आणि दोनच गोष्टी ठरवा. आमचं मत विचाराल तर फ्रेंच चित्रकार मातिसची दालनं आणि डॅनिश चित्रकार हॅमर्सहॉय. मातिसचं १९०५ चं ‘हिरवी रेघ’ हे पत्नीचं चित्र आधी लांबून बघा, मग जवळून. लांबून ती रेघ सावलीसारखी चेहरा दोन भागांत विभागते, जवळून नुसता हिरव्या रंगाचा पट्टा राहतो. हॅमर्सहॉयच्या करड्या, रिकाम्या खोल्यांसमोर मात्र घाई करू नका. पहिल्या मिनिटाला काहीच दिसत नाही. मग भिंतीवरचा उजेड, दाराची चौकट, पाठमोरी बाई असं हळूहळू उलगडतं. समोर बाक असेल तर बसा.

डेव्हिड संग्रह वकील सी. एल. डेव्हिड यांच्या राहत्या घरात आहे, इस्लामी कलेचा. मराठी माणसाने हा चुकवू नये, कारण इथे मुघलांबरोबर दख्खनी कलाही आहे. ज्या विजापूर-अहमदनगरच्या सुलतानांची नावं शाळेत फक्त लढायांसोबत ऐकली, त्या दरबारांची चित्रकला इथे भेटू शकते. लघुचित्रांच्या खोल्यांत उजेड मुद्दाम मंद असतो, रंग उडू नयेत म्हणून. आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा. कागदावरची कामं आलटूनपालटून मांडतात, एखादं ठरावीक चित्र बघायचं असेल तर ते सध्या बाहेर आहे का, हे आधी विचारून घ्या.

गुरुवारी संध्याकाळी ग्लिप्टोटेक

कार्ल्सबर्ग बिअरच्या कार्ल जेकबसनचा हा संग्रह, तिवोली बागेला लागून. मधोमध काचेच्या घुमटाखाली ताडामाडांचं हिवाळी उद्यान आहे. तिथल्या कारंज्यातली ‘जलमाता’ आणि तिच्या अंगावर रांगणारी १४ बाळं मोजायला मुलांना सांगा, तेवढा वेळ तुम्हाला शांत बसता येईल.

ग्रीक-रोमन शिल्पं पांढरीशुभ्रच असत, हा समज इथे मोडतो. सम्राट कॅलिग्युलाच्या संगमरवरी मस्तकावर जुन्या रंगाचे अंश टिकून आहेत आणि मूळ रंग कसे असतील याच्या प्रतिकृतीही संग्रहालयाने केल्या आहेत. नाकांचं कपाटही विचारून बघा. एकोणिसाव्या शतकात तुटक्या पुतळ्यांना नवी नाकं बसवायची पद्धत होती. पुढे मत बदललं, नाकं काढली आणि ती सगळी एका कपाटात मांडून ठेवली. पाल्मिरा या सीरियातल्या प्राचीन शहराच्या मुखशिल्पांचा सीरियाबाहेरचा सर्वात मोठा संग्रहही इथेच. फ्रेंच चित्रं १९९६ च्या नव्या भागात आहेत. गोगँची इतकी कामं एकत्र सहसा बघायला मिळत नाहीत.

शुक्रवार : हेलसिंगोर आणि लुइझियाना एका दिवसात

दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत, म्हणून एका दिवसात घ्या, पण उलट्या क्रमाने. सकाळी आधी शेवटच्या स्टेशनला, हेलसिंगोरला जा. तिथे क्रोनबोर्ग किल्ला आहे आणि शेजारीच जुन्या कोरड्या गोदीच्या भिंतींभोवती जमिनीखाली बांधलेलं सागरी संग्रहालय, २०१३ चं. ते वरून दिसत नाही. गोदीच्या कडेपर्यंत गेल्यावरच खाली उतरणारा पूल सापडतो. दुपारी परतीच्या गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर हुम्लेबेकला उतरा. स्टेशनपासून लुइझियाना पायी दहा-पंधरा मिनिटं, पाट्या आहेत.

१९५८ चं हे संग्रहालय म्हणजे जुना बंगला, काचेच्या बोळांनी जोडलेली दालनं आणि मध्ये समुद्राकडे उतरणारी बाग. इथे सर्वात मोठी चूक म्हणजे हिवाळ्यात आधी आत जाणं. डिसेंबरमध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, मग बागेतली हेन्री मूरची आणि अलेक्झांडर काल्डरची शिल्पं अंधारात जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आधी बाग, मग दालनं. अशा वेळी दोनच्या आत पोचायचं, त्यासाठी हेलसिंगोर आटोपशीर करा किंवा सोडून द्या. जूनमध्ये रात्री दहाच्या आसपास सूर्यास्त, तेव्हा आधी आत आणि जेवणानंतर बाग. गच्चीवरून सामुद्रधुनीपलीकडे स्वीडनचा किनारा दिसतो. वारा बोचरा असतो, उन्हाळ्यातही जाकीट जवळ ठेवा.

आत शिल्पकार जियाकोमेत्तीचं दालन आधी वरच्या पातळीवरून बघा. मागच्या मोठ्या खिडकीतून तळं दिसतं आणि काटकुळे पुतळे त्या हिरव्यावर उभे राहतात. जपानी कलाकार कुसामाच्या आरशांच्या खोलीत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात आणि थोड्याच वेळात बाहेर काढतात. गर्दीच्या वेळी रांग लागते, म्हणून संध्याकाळी सातनंतर जा. मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे, तिथे मुलं स्वतः काही बनवतात.

सोमवार : रोस्किल्ड

मुख्य स्टेशनवरून गाडीने पंचवीस मिनिटांच्या आसपास. स्टेशनवरून आधी कॅथेड्रल (राजघराण्याच्या कबरी इथेच, पण लग्न किंवा अंत्यविधी असेल तर पर्यटकांना बंद), मग बागेतून उतारावर बंदराकडे, व्हायकिंग जहाज संग्रहालयाला. चालायला वीसेक मिनिटं.

जहाजांचे पाच सांगाडे १९६२ मध्ये समुद्रतळातून काढले. सुमारे १०७० मध्ये शत्रूची वाट अडवायला ती मुद्दाम बुडवली होती. त्यांचे क्रमांक १, २, ३, ५, ६ असे आहेत. चौथं कुठे गेलं? आधी सहा जहाजं वाटली होती, नंतर दुसरं आणि चौथं एकच लांबलचक युद्धनौका निघाली. ती आयर्लंडच्या ओकची, डब्लिन परिसरात बांधलेली. जहाजं ठेवलेल्या १९६९ च्या हॉलचं काँक्रीट खराब झालेलं आहे आणि नव्या इमारतीचा घाट घातलेला आहे, त्यामुळे मूळ जहाजं त्या दिवशी बघता येतील का, हे निघण्याआधी संकेतस्थळावर पक्कं करा. उन्हाळ्यात जुन्या पद्धतीच्या होडीतून फेरी असते, वेगळं तिकीट लागतं आणि वल्ही तुम्हालाच मारावी लागतात.

खाणं

संग्रहालयांतली उपाहारगृहं चांगली, पण महाग. उघड्या ब्रेडवर थर रचलेलं ‘स्मोरब्रोड’ सगळीकडे मिळतं. शाकाहाऱ्यांनी बटाट्याचं मागावं, पण त्यात मेयोनीज असतं आणि कधी वर बेकनचे तुकडे, ते न घालायला आधीच सांगा. डबा नेणार असाल तर एसएमकेच्या मागची ओस्त्रे अनलेग बाग किंवा रोसेनबोर्ग किल्ल्याची राजबाग ही जेवायला उत्तम जागा. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या.

एक दिवस उरला तर माल्म्यो

पूल ओलांडून स्वीडनचं माल्म्यो गाडीने पाऊणेक तासावर. तिथलं १९७५ चं कोन्स्टहॉल हे कलादालन मोफत आहे, आणि स्टॉकहोमच्या आधुनिक कलासंग्रहालयाची शाखा जुन्या वीजघरात आहे. दोन्ही अर्ध्या दिवसात होतात. कोपनहेगनचे पास पलीकडे चालत नाहीत, वेगळं तिकीट काढा. चलनही बदलतं, तिथे स्वीडिश क्रोना. आणि पासपोर्टची मूळ प्रत जवळ ठेवा. दोन्ही देश शेंगेनमध्ये असले तरी गाडीत तपासणी होऊ शकते, आणि मोबाइलमधला फोटो तिथे चालत नाही.